झाकण उघडायचं नाही

मलकपेठच्या गंजामागे, म्हणजे धान्यबाजारामागे, जयवंता बिरादार कुठे राहते असं विचारलं, की माणूस आधी तुमच्या तोंडाकडे बघतो आणि मग आवाज खाली आणून म्हणतो, "कोण गेलं?" लग्नाची पत्रिका घेऊन तिच्या दारात सहसा कोणी जात नाही. ती मयत ठेवायच्या थंड पेट्या भाड्यानं देते. शहरात सगळे त्याला फ्रीजर बॉक्स म्हणतात. मुलगा अमेरिकेत, मुलगी दुबईत आणि आईबाप इथे, अशी घरं वाढत गेली तसा हा धंदाही वाढत गेला.

नवऱ्याच्या मागे हे काम करणारी बाई म्हणजे गरीब बिचारी असेल, मयताच्या घरी डोळ्याला पदर लावून कोपऱ्यात उभी राहील, असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाका. जयवंताच्या नाकावर राग. रडणाऱ्या माणसांवर ओरडणारी बाई अख्ख्या हैदराबादेत एकच, आणि ती ही. तिचा ट्रॉली-ऑटो चालवणारा यादगिरी तर नव्या घरी पेटी उतरवतानाच हात जोडून सांगतो, "अम्माला कोप जास्ती आहे, पण मशीन चांगलं आहे."

तिच्या रागाचं कारण एकच, झाकण. पेटी लावून झाली की ती घरातल्या सगळ्यांना समोर उभं करते आणि सांगते, "बगा, हे झाकण उघडायचं नाई. मुख्यमंत्री आले तरी नाई." सगळे मान डोलावतात. तिची पाठ वळली की झाकण वर! पालथ्या घड्यावर पाणी घालण्यात तिची वीस-एक वर्षं गेली, आणि तेवढ्या वर्षांत तिचा आवाज चढतच गेला.

झाकणाचं हे शास्त्र तिला हणमंतरावांनी शिकवलं होतं. हणमंतराव म्हणजे तिचा नवरा. उदगीरकडचं शेतकऱ्याचं पोर, हैदराबादेत येऊन शहराबाहेरच्या एका लहान कारखान्यात लागलं होतं. तिथे प्लास्टिकच्या बटणांना, खेळण्यांना चांदीसारखी चमक द्यायचे. बंद टाकीतली हवा ओढून काढायची आणि आत अॅल्युमिनियमची तार इतकी तापवायची की तिची वाफ व्हावी. ती वाफ थेंब न होता थेट प्लास्टिकवर धातू होऊन बसायची. लग्नानंतर त्यांनी तिला पहिली भेट दिली ती तसलंच एक चकचकीत प्लास्टिकचं फूल. ती तेव्हाही रागावली होती, खऱ्या फुलाला काय झालं होतं म्हणून. पुढे कारखाना बंद पडला आणि त्यांनी पेट्यांचा धंदा काढला, तेव्हा हसत म्हणाले, "जयवंता, काम तेच गं. तिथं बी वाफ बसवत होतो, इथं बी वाफच बसती. तिथं बसली तर पगार, इथं बसली तर बोंब."

तिला ते कळेना. मग त्यांनी देवघरातली कापराची डबी आणून तिचं झाकण उलटं करून दाखवलं. झाकणाच्या आतून बारीक पांढरे खडे धरले होते. तिथे कापूर कोणी लावला नव्हता. वडीची वाफ होऊन वर गेली होती आणि झाकणाला लागून पुन्हा कापूर झाली होती, मधे पातळ झालीच नव्हती. "हवेतल्या पाण्याच्या वाफेचं बी तसंच," ते म्हणाले. "माणसाच्या तोंडातून निघती, ओल्या फुलांतून निघती. लई गार नळीला लागली की ती पाणी व्हायला बी थांबत नाई, सरळ बर्फ. ढगात बर्फाची फुलं धरतात ती अशीच. तिकडं लोक फोटो काढतात. आपल्या पेटीत धरली की नळीवर गोधडी पांघरल्यावाणी होतं, गारवा बाहेर येत नाई, मशीन कण्हत बसतं आणि आतला माणूस खराब होतो."

बाहेरून काचेवर दव धरू नये म्हणून त्यांनी आपल्या पेट्यांना दुहेरी काच लावून घेतली. दव थांबलं, पण आतली काच आतल्यासारखीच गारठू लागली. झाकण उघडून बाहेरची हवा आत गेली की तिच्यावरही पांढरं धरायचं. म्हणून झाकण उघडायचं नाही. हणमंतराव गेले, कायदा राहिला.

गेल्या डिसेंबरात तारनाक्याहून फोन आला. नामदेवराव पाटील, रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेले, मूळचे भालकीकडचे. दवाखान्यात गेले होते ते तिथेच संपले. मुलगा युवराज डॅलसला, तो निघाला होता. त्याच्यासाठी थांबायचं होतं.

जयवंता पेटी घेऊन गेली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. सगळी सूत्रं जावयाच्या हातात होती. किशोर त्याचं नाव, मूळचा पुण्याचा, इथे संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. नामदेवरावांची मुलगी त्रिवेणी रडून रडून भिंतीला टेकली होती. आणि पेटीच्या उशाशी, ठेंगण्या स्टुलावर, नामदेवरावांची बायको सुशीलाबाई बसली होती. लहानखुरी, मोतीबिंदूनं डोळे गढुळलेली म्हातारी. रडत नव्हती, बोलत नव्हती. जयवंतानं आपला कायदा सांगितला तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली आणि सुशीलाबाईनं मात्र विचारलं, "हात बी लावायचा नाही?"

"नाई अक्का. काचेतून बगायचं. हात लावायचा म्हणजे उघडायचं आलं."

"बरं," म्हातारी म्हणाली.

जयवंताला हे 'बरं' आवडलं. एक तरी शहाणं माणूस आहे घरात, असं मनात म्हणत ती परतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी किशोरचा फोन आला. मशीन घरघरतंय, काच पांढरी झाली आहे, तुमची पेटी डिफेक्टिव्ह दिसते. डिफेक्टिव्ह! जयवंताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तारनाक्याच्या सिग्नलपर्यंत ती यादगिरीशी एक शब्द बोलली नाही, आणि यादगिरीनंही शहाणपणानं रेडिओ लावला नाही.

घरात शिरून तिनं पेटी बघितली आणि तिला सगळं कळलं. काचेवर आतून दुधाळ पापुद्रा. आत तुळशीच्या पानांचा ढीग, ओले झेंडू, नामदेवरावांच्या ओठांपासून कानापर्यंत गंगाजलाच्या ओघळाचा बर्फ. कडेच्या नळ्यांवर तर बोटभर पांढरा थर. भालकीहून, बिदरहून, उदगीरहून जीपा भरभरून माणसं आली होती, आणि या लोकांत मयताला पाणी पाजल्याशिवाय मातीला आल्यासारखं होत नाही. आला तो झाकण उघडायचा, वाकायचा, तोंडात पाणी घालायचा, आत तोंड घालूनच हंबरडा फोडायचा, मग पुढचा. रीत चांगलीच आहे, पण ती रीत जमिनीवर निजवलेल्या माणसासाठी होती. पेटीतल्या माणसाला ती कशी लावायची हे कोणी कोणाला विचारलं नव्हतं. ज्यांनी जिवंतपणी नामदेवरावांना एक फोन केला नाही तेही आता 'देवमाणूस होता' म्हणत लोटाभर पाणी ओतून गेले होते. मेल्या म्हशीला मणभर दूध.

"किती येळा सांगितलं होतं?" जयवंता कडाडली. रडणं एकदम थांबलं. "काय करूलालाव तुमी? माणूस आहे आत, का माठ आहे पाणी ओतायला? तुमचा सगळ्यांचा श्वास त्या नळीवर जाऊन बसलाय. तुमच्या रडण्याचा बर्फ झालाय आणि त्याच्याखाली मशीन गुदमरलंय. अजून एक दिवस असंच करा, मग लेकाला बाप नका दाखवू, वास दाखवा."

कोणीतरी 'शी' म्हणालं. किशोर पुढे आला. "हे बघा ताई, जरा सभ्य भाषेत बोला. आणि मला हे सगळं ठाऊक आहे. वाफेचं थेट घनरूप होतं, डिपोझिशन म्हणतात त्याला. मी शाळेत शिकलोय."

"शिकलाव ना? मग उघडलं कोण?"

त्रिवेणी भिंतीपाशी बसल्या जागेवरून म्हणाली, "यांनीच जास्ती वेळा उघडलं. दादाला व्हिडिओवर दाखवायला. काचेतून नीट दिसत नव्हतं."

म्हणजे काच पांढरी झाली म्हणून झाकण उघडायचं, आणि झाकण उघडलं म्हणून काच आणखी पांढरी व्हायची. याला काय म्हणावं? न शिकलेला माणूस चुकला तर त्याला शिकवता येतं. ज्याला नाव-गावासकट सगळं ठाऊक आहे आणि तरी करायचं तेच करतो, त्याचं काय करायचं? जयवंतानं हात कपाळाला लावला. मग पदर खोचला, मशीन बंद केलं, लाकडी चमच्यानं नळ्यांवरचा थर खरवडला, काच आतून कोरड्या फडक्यानं पुसली, ओली फुलं बादलीत टाकली. हे सगळं तिनं इतक्या रागानं आणि इतक्या भरभर केलं की कोणाची जवळ यायची छाती झाली नाही. झाकण आपटून बंद केलं. ऑटोच्या पेटाऱ्याचं कुलूप मागवून कोयंड्यात घातलं, किल्ली पदराच्या टोकाला बांधली आणि पेटीच्या पायथ्याशी जमिनीवर फतकल मारून बसली.

"मी इथंच बसते," ती म्हणाली. "बगते कोण उघडतं ते."

दिवस असा गेला. दोहाला विमान रखडलं म्हणून युवराजचं येणं लांबलं. माणसं येत, कुलपाकडे बघत, जयवंताकडे बघत, काचेवर फूल ठेवून मागे सरत. तिच्या धाकानं पेटी सुधारली. मशीनचा आवाज सरळ झाला. पण थर खरवडताना झाकण पुन्हा बराच वेळ उघडं राहिलं होतं आणि खोलीत माणसं दाटली होती. मशीन बंद होतं, म्हणून खोलीतली ओल तेव्हा आतल्या सगळ्यात गार गोष्टीवर जाऊन बसली. ती गार गोष्ट म्हणजे नामदेवराव. त्यांच्या भुवयांवर, पापण्यांवर आणि मिशीवर बारीक पांढरी भुकटी धरली.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा सुशीलाबाई काचेला नाक लावून बघत होती. मोतीबिंदूच्या डोळ्यांना तेवढं जवळ गेल्याशिवाय दिसत नसे. मग ती हळूच म्हणाली, "जयवंताबाई, हे ते नव्हेत."

"कोण नव्हेत?"

"यांची मिशी पांढरी नाही. यांनी कधी होऊ दिली नाही. दर रविवारी मीच रंग लावायची, दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी बी लावला." ती घुटमळली. "एकदा उघडा. मी पुसून घेते आणि लगेच झाकते."

आणि जयवंता, जी दिवसभर गावावर ओरडून दमली होती, तिला आता ही एक शहाणी बाईही बाकीच्यांसारखीच निघाल्याचा राग आला. "तुमी बी तसल्याच की अक्का! सकाळपासून घसा फोडूलालेय मी, ते कोणासाठी? उघडलं की वाफ जाणार, वाफ गेली की अजून पांढरं होणार. नक्को म्हणजे नक्को."

"बरं," सुशीलाबाई म्हणाली, आणि काचेपासून मागे सरकली.

त्रिवेणी उठून आईजवळ आली. तिनं जयवंताकडे बघितलं त्या नजरेत ओरडा नव्हता, तरी जयवंताला तो लागला. "मावशी," ती म्हणाली, "सगळ्या गावानं बाबांना हात लावला. आईनं नाही. दवाखान्यात काचेच्या खोलीत होते, तिला आत सोडलं नाही. तिथून गुंडाळून आणले ते थेट तुमच्या पेटीत. पाणी पाजायला ती उठली तर काका म्हणाले, वहिनी तुमचं शेवटी, युवराजसोबत. आणि मधे कोणी नव्हतं तेव्हा मी म्हटलं, आई, उघडू का? तर म्हणते, नको, त्या बाईनं सांगितलंय."

वीस-एक वर्षं जयवंता हा कायदा सांगत होती, घसा कोरडा करत होती, आणि वीस वर्षांत तो जिनं खराखुरा पाळला ती बाई ही. जे मानत नव्हते त्या सगळ्यांना नामदेवराव मिळाले होते. जिनं मानलं तिला काच मिळाली होती. आणि वरून शिव्याही. जयवंताला स्वतःचा इतका संताप आला की पदराच्या टोकाची किल्ली तिनं मुठीत धरून दाबली, तळहातात दात उमटेपर्यंत.

तेवढ्यात किशोर फोन कानाला लावून आत आला. "युवराज विमानतळावरून निघालाय. तारनाका फ्लायओव्हरवर येईल आता. ताई, तेवढी काच स्वच्छ करून ठेवा. तो आल्या आल्या कुलूप काढा, त्याला आधी पाणी पाजू दे, मग बाकीचे. आई, तुम्ही जरा बाजूला बसा, त्याला उभं राहायला जागा हवी."

जयवंता उठली. तिचे गुडघे वाजले. "सगळे बाहेर व्हा," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मशीनचं काम आहे. बाहेर."

हे खोटंही नव्हतं. ती माणसं कोंबड्या हाकल्यासारखी हाकलत दारापर्यंत गेली. किशोर काही बोलू लागला तर तिनं त्याच्या हातात फुलांची ओली बादली दिली, आणि सभ्य माणूस असल्यामुळे तो ती धरून बाहेर गेला. त्रिवेणी आपण होऊन गेली. जयवंतानं दाराची आतून कडी घातली. मग मशीनची पिन उपटली. घरघर थांबली आणि खोली एकदम शांत झाली, इतकी की दोन्ही बायका दचकल्या.

तिनं कुलूप काढलं आणि झाकण पूर्ण वर उचलून भिंतीला टेकवलं. "या अक्का."

सुशीलाबाई जागची हलेना. "वाफ जाईल ना आत?"

"जाऊ द्या."

"खराब होतील."

"नाई होत. आता न्यायचंच आहे त्यांना. या तुमी."

म्हातारी स्टुलावरून उठली, पेटीच्या कडेला आधार घेऊन वाकली आणि पदराच्या टोकानं नवऱ्याची मिशी पुसली. भुकटी पदराला लागली आणि विरघळली. खाली मिशी काळी होती. चांगली काळीभोर, कडेला रंग थोडा त्वचेला लागलेला, कारण लावणारीचे डोळे गढूळ. "हे बघा," सुशीलाबाई म्हणाली. ती जयवंताला म्हणाली का नामदेवरावांना, ते कळलं नाही.

मग तिनं भुवया पुसल्या, पापण्या पुसल्या, कानाकडे गेलेला गंगाजलाचा ओघळ नखानं काढला. आणि अगदी जवळ, जितकं जवळ गेल्याशिवाय तिला दिसत नसे तितकं जवळ जाऊन, ती बोलू लागली. काय ते जयवंताला ऐकू येत नव्हतं आणि तिनं ऐकायचा प्रयत्नही केला नाही. तिला दिसत होतं ते एवढंच, की म्हातारी बोलली की तिच्या तोंडची वाफ नामदेवरावांच्या गार गालावर जाऊन बसते आणि तिथे बारीकसं पांढरं धरतं. सुशीलाबाईनं ते बोटानं पुसलं. पुन्हा बोलली, पुन्हा धरलं. पुन्हा पुसलं.

याच गोष्टीसाठी जयवंता जन्मभर माणसांवर ओरडत आली होती. आता ती पेटीच्या पायथ्याशी उभी राहिली आणि तोंडातून शब्द काढला नाही.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. पळती पावलं, मोठ्यानं रडणं, काकांचा आवाज, किशोरचा आवाज. मग दारावर थाप पडली. "आई! आई, दार उघड. मी आलोय."

सुशीलाबाईचा हात मिशीवर थांबला. तिनं मान वर केली नाही. जयवंता दाराशी गेली, कडीवर हात ठेवला आणि वळून तिच्याकडे बघितलं. म्हातारी म्हणाली, "तो आला का? त्याच्यासाठी हे थांबले दोन दिवस. आता माझ्यासाठी त्याला म्हणावं जरा थांब." आणि कंगवा कुठे दिसतो का ते बघू लागली.

"आई! कोण आहे आत? दार कोणी लावलंय?"

जयवंतानं कडीवरचा हात काढला आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. "मी आहे," ती म्हणाली. "थांबा."